दोन पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार

वसंता भाऊजी आले होते कुहीहून. ह्यांचा धाकटा भाऊ, पण एप्रिलपासून घरचं मोठेपण त्यांच्याच अंगावर पडलंय. तांदूळ आणले, कोहळं आणलं. चहा पिता पिता म्हणाले की यंदा धान ठेवायला तिकडे जागा नाही, दिवाळीनंतर इथली शेड लागेल. शेडमध्ये मोटार आहे. तिच्यासाठी कबाडी पाहून ठेवलाय म्हणे.

हे समोरच खाटेवर. उजवा हात मांडीवर, मी ठेवते तसा. भाऊजी मलाच विचारतात, दादाले साखर चालते का? अरे बाबा, दादालाच विचार नं. मान हलवता येते त्यांना. पण अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेल्यापासून सगळे असेच बोलतात, ह्यांच्या डोक्यावरून, माझ्याशी.

दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. दसऱ्याला मोटार सुरू झाली तर राहील, नाही तर खुशाल न्या. हो म्हणाले. माणूस वाईट नाही. त्याला वाटतं दादा आत उरलाच नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

शेड उघडली. उंदरांनी सीटचा काथ्या काढलाय.

काय दिवस होते. कुहीकडच्या एका मालगुजार जमीनदाराची मोठ्या लढाईआधीची अमेरिकन मोटार, चार सिलिंडरची, गोठ्यात सडत होती. ह्यांनी भंगारात उचलली. सरकारी वर्कशॉपात दिवसभर बसगाड्यांच्या वायरी जोडून यायचे आणि संध्याकाळी हिच्या मागे लागायचे. टप कापला, मडगार्ड काढले. प्रतापनगरची पोरं रेसर म्हणायची. मी बत्ती धरून उभी. बत्ती हलली की ओरडा खायचा. नुसती बत्ती धरून धरून मला पॉइंट, कॉइल, कंडेन्सर, ठिणगी पाडायचं सगळं सामान पाठ झालं.

दर दसऱ्याला झेंडूचा हार घालून सुरू करायचे. इंजिन लागलं की शेजारच्या सीटवर दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, "बस वं, सुमे." मग अंबाझरी तलावापर्यंत चक्कर. बस, एवढंच. आता वाटतं, तेवढेच शब्द कोणी मला परत आणून द्यावेत, बाकी काही नको.

होळीनंतर महिन्याभराने डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, टोपण तडकलं म्हणून ह्यांनी तो काढून ठेवला. दुसरा आणतो म्हणाले. त्याच आठवड्यात झटका आला. तेव्हापासून इंजिनावर तिथे नुसतं भोक, वर मी फडकं कोंबलंय.

१८ ऑगस्ट, रविवार

काल पोळा, आज मारबत. माहेरी गेले, गोळीबार चौकात. ह्यांच्याजवळ शेजारच्या काकू. आईसोबत मिरवणूक पाहिली. पिवळी मारबत, गावची पीडा घेऊन जाणारी ती भली मोठी बाहुली, समोरून गेली, लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, महागाई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत. मीही ओरडले. ह्यांचं मुकेपण घेऊन जा गे मारबत. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला.

निघताना बाबांच्या हातमागावरचं कोरं कापड मागून घेतलं. पार्ट पुसायला. देवाच्या कामाला कोरंच लागतं आपल्यात.

२० ऑगस्ट, मंगळवार

मोमिनपुऱ्यात हाफिजभाईंच्या भंगाराच्या दुकानात. ह्यांची जुनी ओळख. कसे आहेत विचारलं. तीन डिस्ट्रिब्युटर काढून दिले, म्हणाले घरी नेऊन दाखवा, आवडेल तो ठेवा, बाकीचे परत. त्यांचं मत जीपच्या डिस्ट्रिब्युटरचं. खाली एक चकती घडवून घेतली की बसेल, पार्टही मिळतात. दुसरा ट्रकचा. तिसरा ह्या मोटारीच्याच जातीचा, आत दोन पॉइंटवाला, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन जोड्यांचा, काजळीने माखलेला. तो नका घेऊ भाभी, म्हणाले, कुठे पडून होता अल्ला जाणे.

गोधडीवर तिन्ही मांडले. मुद्दाम जीपचा जवळ ठेवला, डाव्या हाताशी. हे पाहत राहिले, पाहत राहिले. मग हात उचलला, जीपच्या वरून नेला आणि जुन्यावर ठेवला. तिथेच ठेवून घेतला.

मला गावभर ओरडत सुटावंसं वाटलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

पण जुना म्हणून उचलला असेल का? काळा म्हणून? रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले होते, किती समजतं ते सांगता येत नाही, आशा ठेवा. आशा ठेवा म्हणजे काय, ती काय फळीवर ठेवायची वस्तू आहे?

२५ ऑगस्ट, रविवार

आज परीक्षाच घेतली. मोटार सहा व्होल्टची. मी दोन कॉइल आणल्या, एक सहाची, एक बाराची. दिसायला सारख्या. वरचे आकडे काजळीने झाकून टाकले. ह्यांनी डाव्या हातात एकेक घेऊन वजन पाहिलं, मग अंगठ्याने एकीवरची काजळी घासली, आकडा वाचला. बाराची खाटेखाली टाकून दिली. आणि माझ्याकडे असं पाहिलं, की सुमे, मला फसवतेस काय.

आहेत. आहेत आत. भाऊजींना सांगितलं, ते फक्त हो हो म्हणाले.

१० सप्टेंबर, मंगळवार

काम हळू चाललंय. ह्यांचं आंघोळ-जेवण, मग पोटासाठी लोकांची शिलाई, मग शेड. पावसाने सगळं दमट, आगपेटीही पेटत नाही.

दुपारी ह्यांना खुर्चीत बसवून शेडच्या दारात आणते. डोळ्यांनी सांगतात. जमलं की मिटतात, चुकलं की भिंतीकडे पाहतात. आज चारदा भिंतीकडे पाहिलं. मीही चिडून पाना आपटला. आधी बत्ती हलली की ओरडायचे, आता हे. काही बदललं नाही म्हणायचं.

कंडेन्सर तीन दाखवले. तिसरा घेतला. का तो, माहीत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पॉइंट बसवले. दोन्ही जोड्यांतली फट पत्तीने मोजून. शेवटी माहेरच्या कोऱ्या कापडाची पट्टी फाडली, प्रत्येक पॉइंटच्या तोंडात घालून चांगली घासून ओढली. धूळ नको की तेल नको. तेव्हा हे खाटेवर झोपले होते, उठवलं नाही. म्हटलं तयार करूनच दाखवू. हात जोडून टोपण लावलं.

२२ सप्टेंबर, रविवार

नाही.

भाऊजींनी हँडल मारून मारून सदरा भिजवला. कॉइलची वायर इंजिनाच्या अंगाजवळ धरली, ठिणगी नाही. काहीच नाही. पुन्हा मारलं. नाही.

भाऊजी घाम पुसत म्हणाले, "वहिनी, तुमी कोणाच्या सांगण्यावर पार्ट लावून राहिल्या? दादाले काही समजत नाही. मानून घ्या नं आता."

हे खुर्चीत होते. ऐकत होते. मी भाऊजींच्या हातातून हँडल घेऊन फडक्यात गुंडाळलं. बोलायला पाहिजे होतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

रोज एकेक वायर पाहते. सगळं बरोबर आहे. मग चूक कोणाची? पार्ट ह्यांनी निवडले. डिस्ट्रिब्युटर ह्यांनी, कॉइल ह्यांनी, कंडेन्सर ह्यांनी.

आज जीपचा डिस्ट्रिब्युटर पुन्हा पुढे केला. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझा तोल गेला. "तुम्हाले खरंच समजते का हो? की मीच आपली मनानं सांगून राहिली सगळ्यांले?" असं विचारलं. विचारायला नको होतं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणाले होते, अशा दुखण्यात डोळ्यांतून पाणी उगाचही येतं. आता कोणतं पाणी कोणतं, कसं ओळखू?

ह्यांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. ओरडलेला आठवतो. हळू बोललेला आठवत नाही. भीती वाटली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

जीपचा डिस्ट्रिब्युटर शेडमध्ये नेऊन ठेवला. दसरा गाठायचा तर हाच लावावा लागेल. लावला तर मोटार राहील. पण मग हे बरोबर होते असं कोण म्हणेल? मी तरी म्हणेन का?

लावला नाही अजून. खाली लागणारी चकतीही घडवायला टाकली नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

चूल नंतर, आधी हे लिहून काढते.

जुना डिस्ट्रिब्युटर काढला, हाफिजभाईंना परत द्यायचा म्हणून. खाटेवर ठेवून टोपण उघडलं, शेवटचं पुसून घ्यावं म्हणून तीच कोरी पट्टी घेतली आणि पॉइंटमध्ये घातली. ह्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, कचकन. पट्टी ओढून घेतली, तिचं टोक जिभेवर ओलं केलं, अंगठा आणि बोटात चोळलं. चिकट झालं. मग ती पट्टी माझ्याच तोंडात कोंबली.

खळ!

अगं बाई. तांदळाची खळ. लहानपणी सुताची टोकं दातांनी तोडताना जिभेवर यायची तीच चव. मागावरचं कापड, कधी धुतलेलं नाही, खळीने कडक. विणकराच्या पोरीला कोरं म्हणजे सगळ्यात स्वच्छ वाटणार, दुसरं काय! पावसाळी दमटीत ती खळ पॉइंटच्या तोंडाला बसली, वाळली, वर झिलई धरली. ठिणगी जाणार कुठून?

पॉइंट उजेडात धरले, तर चारही तोंडांवर फिकट पापुद्रा. धातूला धातू लागतच नव्हता.

ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डावा गाल वर गेला होता, अर्ध्या तोंडाने हसत होते. एप्रिलनंतर पहिल्यांदा. मीही हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. काकू धावत आल्या काय झालं म्हणून. त्यांना म्हटलं, काही नाही, मी मूर्ख आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पॉइंट पेट्रोलने धुतले. पुसायला माझं जुनं लुगडं फाडलं, धुऊन धुऊन विरलेलं. ह्यांनी आधी ते जिभेला लावून पाहिलं, मगच डोळे मिटले. आता माझ्यावर भरवसा नाही साहेबांचा.

काकूंच्या पुतण्याकडून हँडल मारून घेतलं. वायरीच्या टोकाला निळी ठिणगी, टकटक आवाज करत. इंजिन मात्र लावलं नाही. ते दसऱ्यालाच.

जीपचा आणि ट्रकचा, दोन्ही डिस्ट्रिब्युटर हाफिजभाईंना परत. खळीचं सांगितलं तर पोट धरून हसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, उस्ताद जिंदा है.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

सकाळी भाऊजी आले, सोबत कबाडीचा पत्ताही होता खिशात, मला माहीत आहे. मोटारीला हार घातला, चाकाखाली लिंबू. ह्यांना भाऊजींनी उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. दसऱ्याला ते तिथेच बसतात, दुसरीकडे बसवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

पहिलं हँडल, काही नाही. दुसरं, नुसती खोकली. तिसऱ्याला लागली. शेडचे पत्रे थरथरले. पण अडखळत होती, एक ठोका चुकत होता. ह्यांनी डावा हात पुढे करून मला इंजिनाकडे बोट दाखवलं. मी डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवला. ह्यांनी बोट केसभर डावीकडे हलवलं. मी तेवढंच फिरवलं. आणखी थोडं. मग तळहात उघडला, म्हणजे थांब. आणि ठोके एकसारखे पडायला लागले. अगदी पूर्वीसारखे.

भाऊजी हँडल हातात धरून उभेच. मग ह्यांच्याजवळ गेले, आपट्याचं पान हातात दिलं, पाया पडले. आणि ह्यांच्याकडे पाहून, माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, "दादा, धान मी ओसरीत ठेवतो. चालते नं?"

ह्यांनी मान हलवली.

मी सीटजवळ उभी राहिले, कान लावून. इंजिन चालू होतं. ह्यांनी समोर पाहिलं, आरशात पाहिलं. थोड्या वेळाने भाऊजींनी स्विच बंद केला, पेट्रोल वाया जातं म्हणून. 'बस वं, सुमे', ते शब्द आले नाहीत. कबूल करते, मला वाटलं होतं येतील. पुरणपोळी तशीच झाकून ठेवली.

२७ ऑक्टोबर, रविवार

मोटार राहिली. आत हे आहेत, हे सगळ्यांना कळलं. एवढं मिळालं तर गप्प बसावं नं माणसानं. मन बसत नाही. हावरं आहे.

संध्याकाळी काकूंच्या पुतण्याकडून ह्यांना मोटारीत बसवून घेतलं, मोटार पुन्हा सुरू करून घेतली, मग त्याला घरी पाठवलं. हे सीटवर. मी बाहेर उभी. म्हटलं, म्हणा नं. एकदाच. कोणी नाही इथं.

ह्यांनी डाव्या हाताने शेजारच्या सीटवर थाप मारली. मग आणखी एक.

मी आत जाऊन बसले. ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ओठ एकमेकांवर दाबले गेले, 'ब' म्हणायच्या आधी दाबले जातात तसे. गळ्याची शीर ताणली. ओठ तसेच मिटलेले राहिले.

मी घाई केली नाही. इंजिन चालू ठेवलं. टाकीत थोडं पेट्रोल होतं अजून.