ओरत्तनाडूच्या घराखालची माती

तंजावूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

मी बरी आहे. भावोजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं हरिणीनं कळवलं. तू कळवलं नाहीस, आणि रागावायचा तुला हक्क आहे. तिला म्हणावं, मावशीच्या मराठीला हसलीस तरी चालेल, पण हे पत्र वाचू नकोस. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझ्या वकिलांनी मागितलेला कागद मी दीड महिना पाठवला नाही. ओरत्तनाडूच्या तुझ्या घराचा पाया मणी मेस्त्रींनी उथळ घेतला, असं मी इंजिनिअर म्हणून लिहून द्यायचं होतं. त्यावर येतेच. फोनवर तू 'बोल' म्हणालीस की माझी जीभ ऊन-पावसाकडे वळते, म्हणून लिहायला बसले आहे. पण आधी इथं काय पाहिलं ते सांगू दे. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

पापनाशमच्या पुढे कालव्यावर एक जुना पूल आहे. त्याचा पाया एका बाजूनं खचतोय. पूल न पाडता त्याच्याखालची माती घट्ट करायचं काम आमच्याकडे आलंय. याला जेट ग्राउटिंग म्हणतात. झालं हिचं सुरू, असं म्हणशील, पण ऐक. जमिनीत वीतभर रुंदीचं भोक पाडून नळी बारा मीटर खाली सोडतात. नळीच्या टोकाशी, एका अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र असतं. त्यातून सिमेंटचं पातळ कालवण इतक्या दाबानं सुटतं की हात मध्ये आला तर राहणार नाही. ती धार भोवतालची माती कापते आणि तिच्यातच मिसळून जाते. नळी गरगर फिरत, मुंगीच्या पावलांनी वर येते आणि मागे मीटरभर जाडीचा खांब उरतो. तो घडताना कुणालाच दिसत नाही. वर फक्त भोकातून करडा चिखल उसळत राहतो. मी त्या चिखलाकडे डोळे लावून उभी असते. तो थांबला की आपणही थांबायचं, नाहीतर कोंडलेला दाब जमीनच उचलतो.

खरं काम सुरू करण्याआधी काठावर एक नमुन्याचा खांब करतात आणि काही दिवसांनी तो उकरून पाहतात. आमचा खांब गेल्या गुरुवारी उकरला. वीस वर्षं माती तपासते आहे, पण असा खांब मी कधी पाहिला नव्हता.

खांबाला चिकटलेली माती हातानंच काढावी लागते. ती काढायला खड्ड्यात मणी मेस्त्री होते. हो, तेच. तुझी नोटीस गेल्यापासून त्यांना घर बांधायला कुणी बोलावत नाही, म्हणून रोजावर खणायला येतात. मला ठाऊक नव्हतं.

ते पाणी शिंपडत कुंचल्यानं पुसत गेले आणि खांब हळूहळू उघडा पडला. फणसाच्या सालीसारखा खडबडीत. वाळूच्या थरात तो ऐसपैस फुलला होता, दोघांनी मिळून कवेत घ्यावा इतका. चिकट काळी माती लागली तिथं कंबर आवळल्यासारखा बारीक, आणि खाली पुन्हा रुंद. अंगात जागोजाग पांढऱ्या गोगलगायींचे शंख, कुठल्या काळातल्या पुरानं आणलेले कोण जाणे. मी हात लावला. सिमेंट घट्ट होताना तापतं, ती ऊब आतून अजून येत होती. जमीन जिथं जशी होती, तशीच त्या खांबावर उतरली होती; तिनं काहीही झाकलं नव्हतं. अक्का, मोठ्या देवळातसुद्धा मला कधी असं डोकं टेकावंसं वाटलं नाही.

"काय म्हणता, मेस्त्री?" मी विचारलं.

"आम्ही चारी बाजूंनी फळ्या ठोकून, ओळंबा धरून खांब उभा करतो, आणि तरी तुम्ही म्हणता वाकडा," ते म्हणाले. "हा बघा, काळोखात झालेला! त्याला कोण रागावणार?" वरची माणसं हसली.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माती तपासायला इथं किती भोकं मारलीत, अम्मा?"

"अकरा."

"अकरा!" त्यांनी खालूनच पुलाकडे पाहिलं. "नशीबवान पूल आहे."

आणि पुन्हा पुसू लागले.

घर बांधण्याआधी तुझ्या जागेवर माती तपासायला मी एकच भोक मारलं होतं, अक्का. फाटकापाशी, यंत्र सहज उभं राहिलं तिथं. मेस्त्री तेव्हा म्हणाले होते, "अम्मा, मागच्या कोपऱ्यात पूर्वी कुट्टै होती, बुजवलीय म्हणतात. तिथंही एक बघा." बुजवलेलं तळं! मी त्यांच्या माणसांसमोर म्हटलं, "मेस्त्री, तुम्ही विटा बघा, माती मी बघते." मला घाई होती असं लिहिणार होते. घाई नव्हती. मेस्त्रींनी मला शिकवावं, हे मला सोसलं नाही.

मागचा कोपरा खचला, स्वयंपाकघराची भिंत फाटली, तेव्हा तू रडत विचारलंस, "अंबु, चुकलं कुणाचं?" मी म्हणाले, मेस्त्रींनी पाया उथळ घेतला असेल. तेच वाक्य तुझ्या नोटिशीत छापील अक्षरांत वाचलं तेव्हाही मी गप्प बसले.

रविवारी मी आणि मेस्त्री ओरत्तनाडूला गेलो. पाया उकरून मोजला. नकाशात आहे त्याहून चार बोटं खोलच निघाला. मागच्या कोपऱ्यात हातानं फिरवायचं गिरमिट उतरवलं, तर तीन मीटरपर्यंत मऊ काळा गाळ, आणि त्यात कमळाची कुजकी मुळं. पन्नास वर्षांपूर्वीचं तळं तिथंच होतं, तुझ्या चुलीखाली. मी त्यांना सगळं सांगितलं. येत्या सोमवारी, सतरा तारखेला, ग्राहक आयोगात तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे, तिथंही हेच बोलेन, असं सांगितलं. ते गिरमिटाचा चिखल काढत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या अक्कांना आधी सांगा, अम्मा. तिथं चार लोकांत कळलं तर त्यांना फार लागेल."

त्यांनी सांगितलं म्हणून हे पत्र. यावेळी ऐकलं.

दोन्ही भोकांची नोंद आणि माझ्या सहीचा जबाब याच पाकिटात आहे. एक प्रत तुझ्या वकिलांना पाठवली आहे. तक्रार मागे घे, किंवा मेस्त्रींचं नाव काढून माझं घाल. मी उलट बोलणार नाही. घर सावरता येईल का, ते नीट तपासल्याशिवाय यापुढे मी तुला काहीच सांगणार नाही. सोमवारी तू आलीस तर मी समोरच्या बाकावर दिसेन, मेस्त्रींच्या शेजारी. माझ्याकडे बघायचं नसेल तर बघू नकोस. त्यांच्याकडे मात्र एकदा बघ.

तू रडत विचारलंस तेव्हा जिनं खोटं सांगितलं, ती तुझी धाकटी,
अंबुजा