धामकाठचा फोन नंबर

पवनार,
५ ऑगस्ट २००१

ती. सौ. दिपालीताईस,
शि. सा. न. वि. वि.

नागपूरचा कार्यक्रम पक्का झाला. ही बातमी सुलोचनाकाकूंनी दिली आहे, तेव्हा खरीच समज. काल दुपारी मी गोठ्यात होतो. काकू कुंपणापलीकडून ओरडल्या, का प्रफुल, तुमचं नागपूरचं जमलं रे, पंचवीस तारखेले बोलावलं, मी हो म्हणून टाकलं. मला कळेचना, कोणी बोलावलं आणि काकू काऊन हो म्हणून राह्यल्या?

मग त्यांनी पाणी पिऊन नीट सांगितलं. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोराने कॉम्प्युटरवर आपली तीन गाणी ऐकली. गाण्यांच्या खाली फोन नंबर होता. त्याने लावला तर तो काकूंच्या घरी वाजला. त्याने विचारलं, तुम्ही 'धामकाठ' बँडच्या मॅनेजर का? काकूंनी विचारलं, मॅनेजरचं काम काय असते. तो म्हणाला, तारखा पाहणं, गाडीचं पाहणं, पोरांच्या खाण्यापिण्याचं पाहणं. काकू म्हणाल्या, मग मीच.

तसं पाहिलं तर खोटं नाही. बाबांच्या झोपेला मुकेशचा कीबोर्ड चालत नाही म्हणून आम्ही काकूंच्याच ओसरीवर सराव करतो, आणि गाऊन गाऊन आचलचा घसा बसला की आलं-गूळही त्याच देतात. पण ताई, तो फोन हेमराजदादांनी भोपाळहून रविवारी आईशी बोलता यावं म्हणून बसवून दिला आहे. आपल्याला तो फक्त तुझा निरोप घेण्यापुरता, पीपी, म्हणजे शेजारचा नंबर म्हणून. हा उद्योग तुझा आहे का, ते आधी कळव. मुकेश म्हणतो, कॅसेट कंपनीशिवाय गाणं खपतच नाही. मी त्याला म्हटलं, नागपूरच्या त्या कॅसेटवाल्याने भाषा बदलायला सांगितली तेव्हा तूच तर आधी उठून आला होतास.

आई-बाबा बरे आहेत. भावजींना नमस्कार. आजवर जितकी रागावत आलीस तितकंच रागाव, जास्त नको.

तुझा,
प्रफुल

●

पुणे,
१४ ऑगस्ट २००१

चि. प्रफुल यास अनेक आशीर्वाद.

उद्योग माझाच. ज्यांच्यामागे कंपनी नाही अशा बँडांसाठी काही वेबसाइट निघाल्या आहेत. तिथे आपलं एक पान फुकट मिळतं. आपली गाणी ठेवायची, फोटो लावायचा, चार ओळींत आपण कोण ते लिहायचं. कोणीही यावं, ऐकावं, खाली अभिप्राय लिहावा. ऑफिस सुटल्यावर मी थांबून तुमची तीन गाणी चढवली. एकेक चढायला इतका वेळ लागला की शिपाई दिवे मालवून गेला. तो अर्ज फोन नंबराशिवाय पुढेच सरकेना. आपल्या घरी फोन नाही. मला पवनारचा एकच नंबर पाठ आहे. लिहून टाकला. काकूंना विचारायला हवं होतं, ते राहिलं. त्यांना त्रास होत असेल तर सांग, काढून टाकते.

आमच्या ऑफिसातला एक मुलगा सीडी कॉपी करून देतो. पहिला गठ्ठा पुढच्या आठवड्यात पाठवते. वेष्टनावर तोच नंबर छापला आहे, आता काय करू. दुसरं, या वेबसाइटवर बँडांना शिकवतात की ऐकायला आलेल्यांचे पत्ते घ्या आणि पुढच्या कार्यक्रमाआधी त्यांना ईमेल टाका. आपल्याकडे ईमेल कोणाकडे आहे? तुम्ही पोस्टकार्ड टाका. आचलचं अक्षर चांगलं आहे. तुझ्या अक्षरात टाकलंत तर लोक दवाखान्याची चिठ्ठी समजतील.

गोव्याच्या कोणीतरी कापूसवेचणीच्या गाण्याखाली लिहिलंय की शब्द एकही कळला नाही, पण चार वेळा ऐकलं. मी ते वाचून ऑफिसात एकटीच हसत होते.

आईला सांग, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर पाठवते. मायेत काही कमी पडलं तर तेही कळव.

तुझी,
ताई

●

पवनार,
९ सप्टेंबर २००१

चि. सौ. दिपाली हिस सुलोचनाकाकूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रफुलनं तुझं पत्र वाचून दाखवलं. नंबर काढू नको. मले काही त्रास नाई.

नागपूरले मीबी गेलती. पोट्ट्यांनी मले पहिल्या रांगेत बसवलं. आचल लय गोड गायली. ते कॉलेजातले पोरंपोरी उभे राहून टाळ्या वाजवून राह्यले होते, मले वाटलं कार्यक्रम संपला, मी उठली, त मुकेश म्हणे काकू बसा, आत्ता सुरू झाला.

तवापासून फोन येतच असतात. मी सगळ्यायले आधी एकच विचारतो, आमच्या पोरीची राह्यची सोय वेगळी आहे का, आन् परत घरापर्यंत कोण सोडीन. जो अडखळते त्याले मी तारीख देत नाई. एका कंपनीवाल्याचा आलता. म्हणे गाणे चांगले आहेत, फक्त भाषा शुद्ध करून द्या. मी म्हटलं, बापू, आम्ही ते रोज धुतो, मळले नाईत. त्यानं फोन ठेवला. प्रफुलले वाईट वाटलं असन असं वाटलं, पण तो हसतच बसला.

आता एक मनातलं. हेमराज दर रविवारी म्हणते, आई, आता भोपाळले ये, तिथं तुले काय आहे. पोरगा चांगला आहे, सून अंकिता त्याच्याहून चांगली. पण दोघं सकाळी कामावर जातात. मागच्या साली दोन महिने राह्यली, समोरच्या बाल्कनीतले कपडे वाळताना पाहत बसली. मले इथंच राह्यचं आहे. त्यानं विचारलं का आतापर्यंत मले उत्तर सुचे नाई. आता मी त्याले गोव्याचं सांगतो, नागपूरचं सांगतो. तो ऐकून घेते.

तुझ्या नवऱ्याले आशीर्वाद. पोळ्याले आली नाईस, दिवाळीले तरी येजो. या म्हातारीवर जीव ठेवजो.

सुलोचनाकाकू

●

पवनार,
१६ ऑक्टोबर २००१

ती. सौ. दिपालीताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे जरा गडबड झाली. मागच्या रविवारी हेमराजदादांनी सकाळपासून फोन लावला, आणि तो सारखा गुंतलेला. काकू अमरावतीच्या एका नाट्यमंडळाशी बोलत होत्या. ते ठेवतात तोच गोव्याचा. दादांना वाटलं, रिसीव्हर हातातून सुटून आई खाली पडली असेल. त्यांनी वर्ध्याच्या चुलतभावाला, बाबारावांना, कळवलं. बाबाराव गाडी दामटत आले, चपला न काढता आत शिरले, तर काकू खुर्चीवर पाय वर घेऊन समजावत होत्या की आमची पोरं रात्रीचं दही खात नाहीत.

आम्ही हसलो, पण दोन दिवसांनी दादा स्वतः आले तेव्हा हसू गेलं. ते आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ओसरीवर बसून आईला म्हणाले, तो एक तास माझा कसा गेला, तुले कल्पना नाई. परके लोक तुझ्या नंबरावर, तू घरात एकटी. हे बंद कर, दिवाळी झाली की फोन कटवू, घर भाड्यानं देऊ, आन् तू माझ्यासंगं चाल. काकूंनी चहा टाकला, आणि त्यात साखर घालायची विसरल्या. दादांनी तो तसाच पिऊन घेतला.

जाताना मी त्यांच्या पिशवीत एक सीडी टाकून दिली. का टाकली, मलाही माहीत नाही.

तू काहीतरी कर, ताई. दादांचं चुकलं म्हणवत नाही आणि काकूंना जाऊ द्यावंसं वाटत नाही.

तुझ्या सल्ल्याची वाट पाहणारा,
प्रफुल

●

पुणे,
२३ ऑक्टोबर २००१

श्री. हेमराजदादा यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

प्रफुलचं पत्र मिळालं. त्या रविवारी तुमच्या जिवाची जी तगमग झाली तिला कारण मी. काकूंचा नंबर त्यांना न विचारता जगासमोर मांडला. गाव ओळखीचं, घर ओळखीचं, म्हणून विचारावंसंही वाटलं नाही.

कालच तो नंबर पानावरून काढला. तिथे आता आमच्या ह्यांच्या मोबाइलचा आहे. सीडीवरच्या जुन्या नंबरावर चिठ्ठ्या चिकटवायला प्रफुलला सांगितलं आहे. यापुढे त्या फोनवर तुमच्याशिवाय कोणी येणार नाही.

एक विनंती करते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून द्या. फोनचा प्रश्न मिटला आहे, तर काकूंना पवनारहून नेण्याचं एवढ्यात ठरवू नका.

अंकितावहिनींना नमस्कार. रागावला असाल तर तो राग या पत्रापाशीच संपावा.

आपली,
दिपाली

●

पवनार,
१८ नोव्हेंबर २००१

चि. सौ. दिपाली हिस अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. तू आली नाईस, तुझ्या वाटचे अनारसे आचलनं खाल्ले.

तू नंबर बदलला ते हेमराजच्या भल्यासाठी केलं, मले समजते. तुझ्यावर राग नाई. पण बाई, फोन आता वाजतच नाई. मी मधून मधून उचलून पाहतो, आवाज आहे का म्हणून. असते. ठेवून देतो. पोट्टे सराव करतात, मी चहा देतो, पण त्यायले आता कुठं जायचं हे मले त्यायलेच विचारा लागते. अमरावतीचा कार्यक्रम तुझ्या नवऱ्यानं ठरवला म्हणे. चांगला ठरवला असन. आचल कुठं झोपणार आहे, ते त्याले विचारजो.

मागच्या रविवारी हेमराजनं पुन्हा विचारलं, इथं तुले काय आहे. या वेळी मी म्हटलं, येतो बापा. तुळशीचं लग्न लागलं का घ्यायले ये. तो खूश झाला. मीबी खूश व्हायले पाह्यजे. संदूक काढून उन्हात ठेवली आहे.

पोट्ट्यायले सांगितलं नाई अजून. तूच सांगजो, मले त्यायच्या तोंडाकडे पाहून सांगणं होत नाई.

आठवण ठेवजो.

सुलोचनाकाकू

●

भोपाळ,
२४ नोव्हेंबर २००१

सौ. दिपाली हिस,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला. राग नव्हता, काय लिहावं ते ठरत नव्हतं.

हल्ली फोन पहिल्याच घंटेला उचलला जातो. आई म्हणते, बोल. मी विचारतो तेवढ्याचं उत्तर देते. जेवली, झोपली, बरी आहे. ऑगस्टपासून दर रविवारी माझा बाजार चुकायचा, कारण ती फोन ठेवू द्यायची नाही. कोण पोरगा काय म्हणाला, तिने त्याला कसं झापलं. मी कटकट करायचो. परवा अंकिताने विचारलं, आईंनी या वेळी कोणाला झापलं? मला सांगता आलं नाही. अंकिता म्हणाली, मग त्यांना इथे आणून आपण काय ऐकणार आहोत?

प्रफुलने पिशवीत टाकलेली सीडी इतके दिवस कपाटात होती. त्या दिवशी लावली. वेचणीचं गाणं. वरच्या मजल्यावरचे सदाशिवराव जिना उतरून आले. ते मूळचे आर्वीचे, आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. विचारायला लागले, हे लोक संक्रांतीच्या कार्यक्रमाला येतील का. मी म्हटलं, ते मला विचारू नका, त्यांच्या मॅनेजरला विचारा. आणि सीडीवर छापलेला जुनाच नंबर दिला. तू तिला न विचारता दिला होतास, मीही तसाच दिला. विचारलं असतं तर आता ती नको म्हणाली असती.

वेबसाइटवरही तो परत टाक. तुझ्या यजमानांचे आभार. सदाशिवराव माझ्या ओळखीचे आहेत, हे मात्र आईला कळवू नकोस. तिला न्यायला मी पुढच्या आठवड्यात येणार होतो, येत नाही. तसं तिला उद्या फोनवर सांगेन.

अंकिताचा नमस्कार. तुमच्या घरचा जिव्हाळा आईला मिळतो, तसा आम्हालाही मिळावा.

हेमराज

●

पवनार,
१२ डिसेंबर २००१

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या मंडळाचे सेक्रेटरी सदाशिवराव यांचा फोन आला. त्यांनी तुझं नाव घेतलं नाई. पण बोलता बोलता मागून अंकिताचा आवाज आला, का आईंना सांगा इथं थंडी फार आहे, स्वेटर आणा. मी काही ओळख दाखवली नाई. सूनबाईले सांगजो, स्वेटर आणतो.

कार्यक्रम मी घेतला. सदाशिवराव आधी म्हणे दोन तास, मग म्हणे मधात अध्यक्षांचं भाषण. मी म्हटलं भाषण आधी उरकून घ्या, गाण्याच्या मधात बोललेलं आमच्या पोरायले चालत नाई. ते हो म्हणाले. पोट्टे तुमच्या मंडळाच्या हॉलमध्ये झोपतीन. आचल आन् मी तुझ्या घरी. प्रफुलले वांग्याचं भरीत करून घालजो, मुकेशले कांदा चालत नाई.

दिपालीनं नंबर पुन्हा टाकला. परवा गोव्याच्या पोराचा आला, म्हणे आजी कुठं गेलत्या इतके दिवस. मी म्हटलं, कुठंच नाई, इथंच आहो. रविवारी सकाळचा वेळ तुझ्यासाठी राखून ठेवला आहे. सगळ्यायले सांगून ठेवलं, त्या वेळी कोणी फोन करत नाई.

संदूक परत आत ठेवली.

शनिवारी सदाशिवराव गाडीचं पक्कं विचारायले फोन करणार आहेत. त्यायले मीच सांगीन, तू मधात पडू नको. आम्ही सेवाग्रामहून बसतो, संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिथं पोचतो. परतीचं रिझर्वेशनबी संगंच काढलं. त्यात माझंबी तिकीट आहे. चार दिवस राहीन, अंकिताच्या हातचं खाईन, मग पोट्ट्यायसंगं परत येईन. स्टेशनावर घ्यायले कोणीबी आलं तरी चालते. सोडायले मात्र तूच येजो.

तुझी आई,
सुलोचना
(मॅनेजर, धामकाठ)