एकाच टेकमध्ये घेतलेली शपथ

एकेन्वान रोड, बेनिन सिटी
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय उवाइला हिला थोरल्या बहिणीचा, म्हणजे इतोहानचा, आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. गुडघे सोडले तर आईही खुशाल (गुडघ्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते ती दिवसभर सगळ्यांना ऐकवते). तुमच्या इटलीत, तुरीनला थंडी सुरू झाली असेल, मोजे घालून झोपत जा. एवढं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि विषय तिथेच राहतो. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

विषय असा, की डिसेंबरात आईला ऐंशी पूर्ण होतात आणि तू येणार नाहीस. कागदपत्रं झाली, सुट्टी मिळते, तरी नाही. कारण मला सांगितलं नाहीस, मावशीच्या इसोकेनला सांगितलंस. बावीस वर्षांपूर्वी आपल्या सिनेमात तू देवीपुढे शपथ घेतलीस, की मॅडमने मोकळं केल्याशिवाय माहेरचा उंबरठा पाहणार नाही; आणि ती शपथ म्हणे अजून सुटलेली नाही. हे ऐकून मी हातातला गारीचा, कसाव्याच्या रव्याचा, डबा खाली ठेवला. अगं बाई, ती मॅडम मी होते! गळ्यात उसनी पोवळ्याची माळ आणि ओठांना तुझीच लिपस्टिक.

तो सिनेमा कसा झाला ते तू विसरलेली दिसतेस, म्हणून आठवण करून देते. तेव्हा आपल्या गावात दर तिसऱ्या गल्लीत कोणी ना कोणी हाच सिनेमा काढत होतं: गरीब पोरगी, गोड बोलणारी मॅडम, इटलीत नोकरीचं आमिष आणि तिकडे गेल्यावर विक्री. दहा दिवसांत सिनेमा तयार, पंधराव्या दिवशी कॅसेट बाजारात. लग्नं आणि मयती चित्रित करणाऱ्या आपल्या एफोसालाही दिग्दर्शक व्हायची हुक्की आली. मॅडम जाडी आणि तापट हवी म्हणाला आणि आपल्या घरापलीकडे शोधायलाच गेला नाही. तुला गरीब पोरगी केलं, कारण तुला हवं तेव्हा रडता यायचं (कानातल्यांसाठी तू दोन दिवस रडलेली सगळ्या गल्लीने पाहिली होती). इटली केली दाताच्या डॉक्टरांच्या घरात, कारण संगमरवरी जिना गावात तेवढाच. बर्फ म्हणून छपरावरून दोन पोती गारी उधळली, तर आळीतल्या शेळ्यांनी दुपारच्या आत इटलीचा अख्खा हिवाळा खाऊन टाकला. अजूनही नीट बघ, तू बर्फात बसून हुंदके देतेस तेव्हा मागून एका शेळीचं ढुंगण शांतपणे निघून जातं. इटालियन फौजदार झाला तो फ्रिज विकणारा लेबनानी शेठ. त्याला इटालियनचा एक शब्द येत नव्हता, तेव्हा तो त्याच्या अरबीतच तुझ्यावर कडाडला आणि बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. नंतर कळलं, तो गोदामातल्या माणसाला द्यायच्या शिव्या पाठ म्हणत होता. सिनेमातल्या आपण सहाजणी एका खोलीत झोपायचो, एका पातेल्यातून काळं सूप ओरपायचो आणि त्या शिव्यांची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसायचो. मी अजून ती कॅसेट लावते, उवाइला. हसू येतं, मग शेजारी वळून बघते तर हसायला कोणी नसतं. फार वाईट वाटतं.

आता ती शपथ. पुजाऱ्याच्या कामाला एक नट ठरला होता, पण त्याला पोशाख हवा, रिक्षा हवी, वर दुपारी कोंबडीही हवी. मागच्या गल्लीतले इदेमुदियाबाबा खरे पुजारी, आयेलाला देवीचं ठाणं त्यांच्या अंगणातच, पांढरं वस्त्र घरचं, ढोल घरचा, आणि जिनच्या एका बाटलीवर खूश. एफोसाला वाटलं, लॉटरी लागली. खरा माणूस नटापेक्षा स्वस्त पडतो ही चूक आपल्या गावाशिवाय कोण करणार! बाबांना नाटक कुठे ठाऊक? ते रोज करायचे तेच त्यांनी केलं. तुझ्या कपाळाला खडू लावला, नखं कापली, केसांची बट कापली, कोलाची कडू बी फोडून तुला चावायला दिली आणि विचारलं, नाव काय? तुझं सिनेमातलं नाव ब्लेसिंग. तू घाबरून स्वतःचं नाव सांगितलंस, वर बापाचं आणि आजोबांचंही. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून माझं वाक्य म्हटलं, की मी मोकळं करेपर्यंत हिला माहेर नाही. तेवढ्यात माइक चौकटीत शिरला आणि एफोसा ओरडला, पुन्हा एकदा घेऊ. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅमेऱ्यामागे बसकण मारून बसला.

"देवीला दोनदा बोलावत नाहीत, पोरा. झालं ते झालं."

म्हणून माइकसकट तेच ठेवलं. एवढीच ती गोष्ट. ते खरं धरायचं तर मीही खरी मॅडम झाले, मग मला तुरुंगात टाका. बाजारात तसं मानणारे आहेतच म्हणा. सिनेमा आल्यावर तीन आया सुरण घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या, मागे ताज्या वेण्या घातलेल्या पोरी. माझ्या मुलीलाही ने म्हणून. सिनेमाने दोन तास ओरडून सांगितलं की जाऊ नका, आणि त्यांनी काय पाहिलं, तर संगमरवरी जिना! मी झाडू घेऊन धावले.

आणि पुढच्याच महिन्यात तू गेलीस. सोन्याच्या दाताची ती बाई तुला घेऊन गेली, केस विंचरायची नोकरी म्हणाली होती. मी दुसऱ्या भागाच्या तालमीत होते, तुला सोडायला मोटारतळावरही आले नाही. गावाच्या पोरींना डोळे वटारून सावध करणारी मी, घरातल्या पोरीकडे पाहायला मला सवड नव्हती. यावर मला हसता येत नाही. तीन वर्षं तुझी चिठ्ठी नाही, मग एकदम लाल कोटातला फोटो. मधे काय झालं ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

तर तात्पर्य, ये. शपथ-बिपथ सगळं थोतांड आहे, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. येताना आईला घडीची काठी आण.

तुझी,
इतोहान

ता. क. विश्वास नाही, पण मंगळवारी बाबांकडे जाऊन आले (त्याच बाजूला काम होतं, खरं तर नव्हतं). डोळे गेलेत त्यांचे, पण आवाज ऐकताच म्हणाले, "मॅडम आली." तुझी नखं आणि केस अजून पुडीत बांधून ठेवलेले होते. शपथ घालणाऱ्या तोंडानेच सोडवावी लागते म्हणाले. मी तुझं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आजोबांचं घेतलं आणि म्हटलं, "मी हिला मोकळं केलं." पुडी माझ्यासमोर जाळली.

आणखी एक ता. क. उठताना बाबांनी विचारलं, "ही एकच सोडवायची, की त्या पोरीने दुसऱ्या कुणाच्या ठाण्यावरही शपथ घेतलीय?" सिनेमाबद्दल विचारत नव्हते ते; मला ती सोन्याच्या दाताची बाई आठवली. मी म्हटलं, "जेवढ्या असतील तेवढ्या, बाबा." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, कोलाची दुसरी बी फोडली. मीही विचारणार नाही. घरी ये.