मेन स्विचवाल्यांच्या घरातली गोळी

तीर्थरूप आत्या, तुला साष्टांग नमस्कार. (पोट एवढं पुढे आलंय की आठातली दोनतीन अंगं जमिनीला टेकत नाहीत. ती बाळंतपणानंतर पोचती करीन.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस, आणि लेपवाल्या शेजारणीला दारातूनच वाटेला लाव.

मी उदासीची गोळी घेते हे तुला ठाऊकच आहे. दिवस राहिले आणि घरात त्या गोळीची चौकशी बसली. आमच्याकडे मामंजी लिफ्ट दुरुस्त करणारे, हेही लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि दोघांचा मंत्र एकच: शंका आली की आधी मेन स्विच बंद, विचार मागाहून. मिक्सर जरा गुरगुरला तरी मामंजी अख्ख्या घरात अंधार करतात. त्यांनी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद भिंग लावून वाचला, गरोदर बाईच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि गोळी त्याच दिवशी बंद झाली. डॉक्टरांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. (मलाही नाही. आई होणार म्हटल्यावर कुणी काहीही सांगावं आणि आपण मान डोलवावी, अशी गत होते.)

आधी डोक्यात झिणझिण्या आल्या. मग मी कपाटासमोर उभी राहायची, काय घालावं ते ठरेना म्हणून तिथेच खाली बसायची. जेवण नको, झोप नाही, रडूही नाही. हे हातात टेस्टर घेतल्यासारखे माझ्याभोवती घिरट्या घालायचे. शेवटी सासूबाईंनी (ज्या एरवी बोलत नाहीत, कारण या दोघांपुढे बोलायची संधीच मिळत नाही) टॅक्सी बोलावली आणि आम्हां तिघांना मनाच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

बाई ओरडल्या नाहीत. मामंजींना एवढंच म्हणाल्या, "लिफ्टचा स्विच बंद करण्याआधी काय बघता?" मामंजी ताठ बसून म्हणाले, "आत कुणी आहे का ते." आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. आत्या, मला त्यांची फार माया आली.

मग बाईंनी काही न लपवता सांगितलं. गोळीला धोका नाहीच असं नाही. काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी, थरथरती असतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवतात. बहुतेक बाळं ठणठणीत असतात. पण आईचं न खाणं, न झोपणं हाही बाळाला धोकाच. दोन्ही पारडी बघून, प्रसूतीच्या डॉक्टरांशी बोलून, माझी गोळी बेताने पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर प्रसूतीच्या डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले. आत्या, मी थक्क झाले. मी जगायचा कंटाळा करत बसले होते, आणि हे एवढंसं आतमध्ये कुणाची परवानगी न विचारता घोडदौड करत होतं! माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. मामंजी डोळे पुसत म्हणाले, "मोटर झकास आहे."

तुझी भाची

ता. क. आता मी जेवते. कुर्ताही स्वतःच निवडते, तो कुणाला आवडत नाही.

ता. क. दुसरा. बाळंतपणानंतरचे दिवस मला जास्त जपायचे आहेत, असं बाई म्हणाल्या. मला त्या दिवसांची भीती वाटते. गुडघा बरा असो नसो, तू ये. बाळाकडे बघायला घरभर माणसं असतील. तू माझ्याकडे बघायला ये.