काचेआडची शांतता

प्रिय ठके,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळं जागच्या जागी आहे. तुझे बाबा टीव्हीचा आवाज मोठा करून झोपतात आणि मी तो बंद केला की जागे होऊन भांडतात. पत्र लिहितेय, कारण फोन तू उचलत नाहीस. रुसून म्हणत नाही, आहे ते सांगते. जावईबापू उचलतात, ती झोपलीय म्हणतात, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. बिचाऱ्यांना धड खोटंही बोलता येत नाही. नवरा चांगला निवडलास.

माझं काम तेच. काचेच्या त्या खुराड्यात बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि ऐकायच्या पुस्तकांसाठी लोकांना कसं जगावं ते वाचून दाखवायचं. चिंतेचं पुस्तक झालं, हट्टी मुलांचं झालं, नोकरी गेलेल्यांचं झालं, आता जोडीदार गमावलेल्यांचं चालू आहे. लिहिणारे वेगवेगळे, पण आवाज माझाच, त्यामुळे ऐकणाऱ्यांना वाटतं या बाईंना सगळं कळतं. मध्ये भाजीवालीने आवाज ओळखला आणि पोरगा उलट उत्तरं देतो, काय करू, म्हणून विचारलं. मी तिला अख्खा धडा ऐकवला. तुझ्या बाबांनी शेवटी पिशवीला धरून मला पुढे ओढलं. तुलाही मी हेच केलं म्हण. बाळ झाल्यावर तू रडत फोन केलास, की छाती धडधडते, बाळाला उचलायची भीती वाटते, हातातून पडेल असं वाटतं. मी लगेच सुरू झाले. पाय जमिनीला टेकव, समोरच्या पाच वस्तूंची नावं घे, हळूहळू श्वास सोड. तू सगळं ऐकून घेतलंस, ठेवते म्हणालीस, आणि मग तुझा फोन आलाच नाही. पुस्तकात लिहिलंय ते चूक नाही, हे मी आजही म्हणेन.

आमच्या रेकॉर्डिस्टची एक पद्धत तुला कधी सांगितली नसेल. वाचन संपलं की तो काचेपलीकडून हात वर करतो आणि मला नुसतं बसवून ठेवतो. बोलायचं नाही, पान उलटायचं नाही, खुर्ची करकरता कामा नये. तो त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून घेतो. माझं अडखळणं, खाकरणं कापलं की तिथे भोक पडतं, त्याला हे ठिगळ लावतो. अगदी कोरं ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बंद पडलं. मला हे बसणं किती जिवावर येतं, तुला वेगळं सांगायला नको. मी मध्येच, झालं का रे, म्हणते आणि तो कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चिंतेच्या पुस्तकात तर प्रत्येक धड्याच्या शेवटी, डोळे मिटा, मी इथेच आहे, असं म्हणून बराच वेळ थांबायचं होतं. मी कुठली थांबतेय! त्या सगळ्या जागी त्याने माझं ते गप्प बसणंच जोडलं.

मागच्या आठवड्यात जावईबापूंनी बाथरूममधून फोन केला. म्हणाले, तुम्हाला सांगायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, पण राहवत नाही. धडधडायला लागलं की तू बाळाला जवळ घेतेस, कानात ते पुस्तक लावतेस आणि माझं बोलणं पुढे सरकवत फक्त त्या थांब्यांवर येतेस. त्यांनी विचारलं, यात तर काहीच नाही, ऐकतेस काय? तर तू म्हणालीस, “आई बसलेली ऐकू येते. काही सांगत नाहीये, नुसती बसलीये.”

खरं सांगू? आधी रागच आला. मी घसा फोडून वाचायचं आणि लेकीने नेमकं तेवढंच वगळायचं. मग स्टुडिओत जाऊन तो थांबा लावायला सांगितला. अगदी बारीक श्वास ऐकू येतो, शेवटी जरासा शिट्टीसारखा वाजणारा. मला रडू आलं. रेकॉर्डिस्ट पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आता लिहिण्याचं कारण. ती शिट्टी उगाच नव्हती. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. साध्या आहेत म्हणतात. सोमवारी काढणार. त्यानंतर ते सांगतील तोवर चकार शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही. तुझ्या बाबांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. आवाज पहिल्यासारखा येईल का, असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी, बघू, म्हणत गोळ्या लिहायला घेतल्या. भीती वाटते गं. पाय जमिनीला टेकवून पाहिले, पाच वस्तूंची नावंही घेतली. काही होत नाही त्याने. तर सोमवारनंतर फोन कर. मी उचलेन आणि काही म्हणणार नाही. तू बोल, रड, नाहीतर बाळाला मांडीवर घेऊन नुसती बस. फोन कट झाला असं वाटलं तर लगेच ठेवू नकोस, जरा कान देऊन ऐक. मी तिथेच असेन.

काही न सांगणारी,
तुझीच आई