माळकरी माशांची खुशाली

शेंद्रा,
१५ मार्च १९९४

आदरणीय वैजनाथराव यांना मुंजाबाचा रामराम. प्रमोदिनीवैनींना नमस्कार. तुमचा गुडघा कसाय? आम्ही सगळी खुशाल, मासेबी खुशाल. तुम्ही चिकलठाण्याच्या तेल गिरणीतून निवृत्त होऊन खुलताबादेला गेलात आन् गिरणीच्या गेटवर मला रखवालदाराला बोलायला माणूसच उरला नाय.

तुमचे उपकार कसे फेडू? आमचं घराणं मेंढरावालं, त्यात आई (आक्काबाई, तुम्ही तिच्या हातची भाकर खाल्लीय) गळ्यात माळ घातलेली. मी गावतळं ठेक्यानं घेऊन रोहू-कटला सोडले, तवा ती कशीबशी गप बसली. पण मुंबईहून सुक्या मासळीच्या भुग्याची पोती आली आन् तिनं नाक दाबून घर डोक्यावर घेतलं. "माशाला मासाच चारतोस? कुठं फेडशील रं हे पाप?" तशात विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात रस्ते बंद पडले, पुढचा ट्रक काय येईना, मासे उपाशी. तवा तुम्हीच म्हणालात, मुंजाबा, आपल्या गिरणीत सोयाबीनची पेंड पडलीय, ती कोंड्यात कालवून घाल. देवमाणूस तुम्ही!

पेंड भिजवली, पाट्या भरून काठाला ठेवल्या आन् सवयीनं हुर्रर्र करून हाळी दिली. (जनावराला खायला घालताना दुसरं काय करत्यात, मला ठाऊक नाय.) मासे आले नायत, चाळीस मेंढरं आली. पाट्या साफ! दोन मेंढरं गाळात रुतली, त्यांना ओढताना मीबी कमरेपर्यंत आत. मग पाट्या बांबूला बांधून पाण्यात सोडल्या, तवा कुठं पेंड माशांच्या तोंडी पडली.

आन् काय बाळसं धरलं म्हणता! आईला तर लई कौतुक. पेंड खाणारा मासा म्हणजे माळकरीच, असं तिनं ठरवूनच टाकलं. आता रोज स्वतः पेंड घालती (एकादशीला पेंड नाय, भगर). रविवारी व्यापारी जाळं घेऊन आला, तर ही काठावर आडवी बसली. माळकऱ्याला हात लावलास तर माझं तोंड बघू नको, मला म्हणाली. इकडं तळ्यात पाणी कमरेएवढंच उरलंय, महिन्याभरात चिखल होईल. वर्षाची मेहनत अशी डोळ्यांदेखत मरणार. पण तुमच्यामुळं मासे जगले, हे मी कधी विसरायचा नाय.

तुमचा,
मुंजाबा

ता. क. : आईला एक कडक पत्र लिहा, की कटला पाण्यातले किडेबी गिळतो, त्याचं माळकरीपण काय खरं नाय. तुमचा शब्द ती मोडायची नाय.

आणखी ता. क. : ते पत्र नका लिहू. हे टपालात टाकायचं दोन दिवस राहिलं, आन् काल आई देवळात गेलेली बघून मीच जाळं घेऊन उतरलो. पाय पाण्यात पडला तसे समदे पायाशी आले, पेंड मागायला. माझा हातच उचलंना. तसाच माघारी आलो, आईला कळू दिलं नाय. तुमच्या विहिरीला उन्हाळ्यातबी पाणी असतंय ना? तुमचं घर शाकाहारी, म्हणजे जिवाला धास्ती नाय. पेंड मी पुरवतो. सोमवारी पिंपं भरून येतोय, वैनींना तेवढं तुम्हीच सांगा.