आईचं ताट

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, म्हणून पत्र. आईला माझ्याकडे येऊन चार महिने होतील. काल वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं. विषय नेहमीचाच, टेलोमिअर. तू दर वेळी विचारतेस म्हणून पुन्हा सांगतो: पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना एक आवरण असतं. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. फार झिजलं की पेशी म्हातारी होते. भाज्या, फळं, कडधान्यं खाणाऱ्यांची ही टोकं जास्त लांब आढळतात.

शेवटी मी पहिल्या रांगेतल्या आईला उभं केलं. म्हटलं, ही माझी आई, वय ब्याऐंशी. साखर बंद, लोणी बंद, रात्री फक्त भाज्यांचं सूप. काय टाळ्या पडल्या! आई लाजून चूर.

तिचं ताट मी सकाळीच वाढून झाकून ठेवतो आणि मग प्रयोगशाळेत जातो. राग मानू नकोस, पण तुझ्याकडे तिच्या जिभेचे फार लाड व्हायचे. दाजींना नमस्कार.

तुझाच,
पंडित

११ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

लहानपणी शहाणपणा मिरवायचास म्हणून तुला हे नाव पडलं. ते अजून सुटलेलं नाही! तुझं पत्र वाचून दाजींनी ताटातला केक परत डब्यात ठेवला आणि मी आत गेल्यावर उभ्याउभ्या संपवला. त्यांची टोकं आता देवाच्या हाती.

आई फोनवर फारच थोडं बोलते. मजेत आहे म्हणते आणि लगेच माझ्या शाळेची चौकशी करते. तिचा आवाज जरा बारीक झालाय का रे? का लाइनच खराब असते? तू जवळ आहेस, तुला जास्त कळेल. परीक्षा संपल्या की येईन. आईला सांभाळ, स्वतःलाही.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आई पडली. काल दुपारी, स्वयंपाकघरात. फडताळावरचा बिस्किटांचा डबा काढायला स्टुलावर चढत होती आणि चक्कर आली. तो डबा मी पाहुण्यांसाठी वर ठेवला होता. मनगट मोडलंय, डोक्याला मार नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन केलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, यांची उपासमार झालीय. या वयात अंगावरचं मांस उतरलं की ते सहजी परत येत नाही. यांना पोटभर अन्न हवं, प्रथिनं हवीत. मग विचारलं, घरी यांच्या खाण्याकडे कोण बघतं. मी बघतो म्हणालो.

ताई, ते अभ्यास मला पाठ आहेत. त्यांत एवढंच दिसतं की असं खाणाऱ्यांची टोकं लांब असतात. खाण्यामुळेच लांब राहतात, हे सिद्ध झालेलं नाही. आणि म्हाताऱ्या माणसाचं ताट अर्धं करा, असं तर कुणीच म्हटलेलं नाही. ते माझं मीच जोडलं. सभागृहात उभी राहताना तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ते मला दिसलं होतं. मला वाटलं, लाजतेय.

तू तिला घेऊन जा. मी तिच्यासमोर उभा राहू शकत नाही.

पंडित

९ मार्च

चि. पंडितास,

शनिवारी गाडी घेऊन येते. तुला चार शब्द सुनावायचं ठरवलं होतं, पण मला तो हक्क नाही. जानेवारीत आई फोनवर म्हणाली होती, इथं भूक फार लागते गं. मी हसून म्हटलं, हवा मानवली तुला. मला कळलं होतं रे. पण जास्त विचारलं असतं तर तिला परत आणावं लागलं असतं, आणि इतक्या वर्षांनी मला जरा मोकळं वाटत होतं. हे दाजींनाही सांगितलेलं नाही.

ताई

२ मे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून डाव्या हातानं लिहितेय. अक्षराला हसू नकोस. मनगट जुळत आलंय. पोटभर जेवते, भाज्याही खाते, त्या तुझ्याकडे चांगल्याच लागायच्या. ताई सारखी पुढे-पुढे करते. तिलाही काही टोचतंय, पण विचारलं की विषय बदलते.

तू एकटाच शरमेनं खाली मान घालून बसू नकोस. चूक माझीही आहे. टाळ्या पडल्या तेव्हा माझ्या पोटात कावळे ओरडत होते, तरी मी हसत उभी राहिले. चारचौघांत खोटी साक्षच दिली म्हण ना. त्याची लाज मला अजून वाटते.

पण तुला सांगू कशी? तुझे बाबा गेल्यापासून बघतेय, मी नुसती खोकले तरी तू दारात येऊन उभा राहायचास. आई मरेल म्हणून एवढ्या धास्तावलेल्या लेकराला, भूक लागलीय, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मी मरणार आहेच रे, आज नाही तर आणखी काही वर्षांनी. तोवर मला एकटीनं जेवायला आवडत नाही, एवढंच. तुझ्याकडे ताट असायचं, पण समोर कुणी नसायचं.

रविवारी ये. ताईला सांगितलंय, तुला काही बोलायचं नाही. येताना फळं-बिळं काही आणू नकोस, भूक तेवढी आण.

तुझी,
आई